संग्रहालयात मुलांना शिकवणाऱ्यांनी एकमेकांकडून शिकायचं कसं? खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या संग्रहालयांत आणि स्मारकांत मुलांना वस्तू दाखवणारे आम्ही काही जण दर दोन-तीन महिन्यांनी एकत्र बसतो. गटाला नाव नाही, शिक्का नाही, पावतीपुस्तकही नाही. तरी फोन येतात, चिठ्ठ्या येतात आणि त्यात प्रश्न बहुतेक तेच असतात. तेच इथे उत्तरांसह मांडले आहेत. उत्तरं आमच्या अनुभवातली आहेत. तुमच्या दालनात ती जशीच्या तशी लागू होतील असं नाही.

१. "संग्रहालय शिक्षक" असं पद खरंच असतं का? माझ्या नेमणूकपत्रात तर "मदतनीस" लिहिलंय.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या संग्रहालयांत असतं. आपल्याकडे तिकीट फाडणारा, कुलूप उघडणारा आणि मुलांना तलवार दाखवणारा माणूस बहुधा एकच असतो. आमची व्याख्या साधी आहे: दालनात मुलं ज्याच्या तोंडून पहिलं वाक्य ऐकतात, तो शिक्षक. मग कागदावर मदतनीस असो, ग्रंथपाल असो की पहारेकरी. आमच्यातले सगळ्यात चांगले दोघे पहारेकरीच आहेत.

२. मी नवीन आहे. ना इतिहासाची पदवी, ना डी.एड. सुरुवात कुठून करू?

पुस्तकापासून करू नका. आधी दुसऱ्या कोणाच्या तरी दालनात जा, मुलांच्या मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांचं काम असं बघून झालं की आपल्या संग्रहातली एकच वस्तू निवडा. एकच. ती दहा मिनिटं मुलांपुढे मांडायची तयारी करा आणि तेव्हा मागे उभं राहायला अनुभवी माणसाला बोलवा. सगळं दालन पाठ करायच्या मागे लागलेला नवा माणूस चालता-बोलता फलक होतो आणि ती सवय सुटायला वर्षं जातात. माझी सुटायला चार लागली.

३. मागे उभं राहून नेमकं काय बघायचं? आम्ही गेलो, सगळं छान वाटलं, चहा घेऊन परत आलो.

"छान वाटलं" म्हणजे तुम्ही शिकवणाऱ्याकडे बघत होता. मुलांकडे बघा.

वहीत चारच गोष्टी टिपा. शिकवणाऱ्याने किती प्रश्न विचारले आणि त्यातल्या किती प्रश्नांची उत्तरं त्यानेच देऊन टाकली. प्रश्नानंतर तो किती सेकंद थांबला. शेवटच्या रांगेतली मुलं कुठे बघत होती. आणि एखादं मूल आपसात जे कुजबुजलं, ते शब्दशः.

माझ्या दालनात एक सहकारी ताई अशी वही घेऊन उभ्या राहिल्या होत्या. मी स्वतःवर खूश होतो, कारण मुलं हसत होती, हात वर करत होती. ताईंनी वही पुढे केली. चाळीस मिनिटांत मी एकतीस प्रश्न विचारले होते आणि सव्वीसांची उत्तरं मीच दिली होती. थांबलो होतो जेमतेम दोन सेकंद. खाली एक ओळ होती. शेवटच्या रांगेतला एक मुलगा जात्याकडे बघून शेजारच्याला म्हणाला होता, "आमना घर बी शे." मला ते ऐकूच आलं नव्हतं. त्या दिवशीचा सगळ्यात मोलाचा मुद्दा तो मुलगा मांडून गेला होता आणि मी पुढच्या शोकेसकडे निघालो होतो.

एक पथ्य पाळा. वही त्याच दिवशी, त्याच माणसाला, एकट्याला दाखवायची. बैठकीत चारचौघांत नाही, साहेबांपुढे तर मुळीच नाही. हे पथ्य मोडलं की पुढच्या वेळी कोणी आपल्या दालनाचं दार उघडत नाही.

४. एखादा कोर्स करावा का?

जमत असेल तर जरूर करा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे आणि नंदुरबारकरांना बडोदं पुण्यापेक्षा जवळ पडतं. दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र शाळाशिक्षकांसाठी कार्यशाळा घेतं. तुमच्या ओळखीचे शिक्षक तिथे जाऊन आले असतील तर त्यांच्याकडून टिपणं मागून घ्या. पण पदवीने संग्रह सांभाळायचा कसा ते कळतं. सातवीच्या वर्गापुढे उभं कसं राहायचं, त्यासाठी प्रश्न २ आणि ३ ला पर्याय नाही.

५. बैठकीला येताना काय आणायचं? आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही.

अर्धं पान आणा. कार्यक्रमाचा अहवाल नको, फोटो नकोत, पाहुण्यांची नावं नकोत. एका भेटीबद्दल एवढंच लिहा: कोणती वस्तू, कितवीची मुलं, काय ठरवलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, मुलं काय म्हणाली.

फसलेली भेट असेल तर आधी तीच आणा. यशस्वी कार्यक्रम ऐकून टाळ्या पडतात, पण उद्या काय वेगळं करायचं ते कळत नाही. एकाने सांगितलं की पाचवीच्या मुलांना नाण्यांचं दालन दाखवताना भिंगं वाटली आणि पंधरा मिनिटं मुलं एकमेकांचे डोळेच भिंगातून बघत बसली. त्यावर तिघांनी तीन उपाय सुचवले. आता आम्ही भिंगं आधी पाच मिनिटं मुलांना नुसती खेळायला देतो, मग नाणी काढतो. हे कोणत्याही कार्यशाळेत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

६. भेटायचं कुठे? आणि मोबाइलवर ग्रुप असताना भेटायचंच कशाला?

दुसऱ्याचं आधी. ग्रुपवर सुप्रभात येतं, उद्घाटनाचे फोटो येतात आणि चुकून कोणी अडचण लिहिलीच तर खाली पाच अंगठे येतात. तारीख कळवायला ग्रुप चांगला. फसलेली भेट कोणी तिथे लिहीत नाही, कारण तो ग्रुप साहेबही वाचतात.

भेटीसाठी आमचं ठिकाण ठरलेलं नाही, पण अमळनेर सगळ्यांना सोयीचं पडतं. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, धरणगाव आणि जळगावची माणसं थेट उतरतात, धुळेकर एस.टी.ने येतात. चाळीसगावकरांची जरा ओढाताण होते, म्हणून मधूनमधून आम्हीच तिकडे जातो. बैठक शक्यतो एखाद्या दालनातच ठेवतो. सभागृहात खुर्च्या मांडल्या की भाषणं सुरू होतात.

प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा आणि डबा आपापला. मानधन नाही.

७. दुसऱ्याची कल्पना आपल्याकडे वापरली तर ती चोरी होते का?

नाव सांगून वापरली तर नाही, न सांगता वापरली तर हो. एवढाच नियम.

पण उचललेली कल्पना जशीच्या तशी चालत नाही, हे जास्त महत्त्वाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली बसमध्येच फिरतं संग्रहालय उभं केलं. ते पाहून आमच्यातल्या एकाने जिल्ह्यासाठी तशीच बस मागायचा अर्ज लिहायला घेतला होता. बस कोण देणार, चालक कुठून आणणार आणि सातपुड्यातल्या घाटात ती चढणार कशी? शेवटी कल्पनेतला गाभा काय, तर वस्तू मुलांकडे न्यायची. त्यासाठी पत्र्याची पेटी पुरते. आज आमच्या तीन पेट्या फिरतात. एका पेटीत खापराचे तुकडे, एक जुनं मापटं, दगडी हत्यारांच्या प्रतिकृती, मोडी कागदाच्या झेरॉक्स आणि एक रिकामी वही असते. मूळ वस्तू पेटीत कधीही जात नाही.

मोडीचा खेळही असाच प्रवास करून आला. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून असल्यामुळे जुन्या कागदांचं प्रेम या जिल्ह्याला नवीन नाही. एका ताईंनी मुलांना मोडीत स्वतःचं नाव लिहायला दिलं. दुसऱ्या गावच्या सरांनी त्यात भर घातली: नाव नको, जुन्या कागदाच्या झेरॉक्समधून आपल्या गावाचं नाव शोधा. आता पहिला अर्धा तास मुलं कागदावरून डोळे काढत नाहीत. श्रेय दोघांनाही जातं आणि आम्ही ते दर वेळी मोठ्याने देतो.

८. फलक प्रमाण मराठीत, मुलं बोलतात अहिराणी. आम्ही कोणत्या भाषेत बोलायचं?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि आम्हीही तो बरीच वर्षं चुकीचा सोडवत होतो.

पहिली चूक "ही भाषा इथे नको" असं तोंडाने किंवा चेहऱ्याने सांगण्याची. दुसरी चूक तितकीच वाईट, पण तिला टाळ्या मिळतात. अहिराणी न येणारा माणूस मुलांना हसवायला मोडकंतोडकं "काय शे रे भो" करतो. मुलं हसतात, पण कुणाला हसतात ते बघा.

आम्ही काय करतो? वस्तूचं नाव आम्ही सांगतच नाही. मुलांना विचारतो, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" फलकावर "जाते" असतं, मुलं "घरोट" म्हणतात. त्यानंतर कोणी म्हणतं आजी अजून दळते, कोणी म्हणतं आमचं घरोट अंगणात पालथं पडलंय, कोंबड्या बसतात त्यावर. वस्तूचं आयुष्य फलकात मावत नाही, ते असं बाहेर येतं. मातीचं खापर दाखवून पुरणाच्या मांड्यांचं नाव काढलं तर मुली आपणहून पीठ कसं सैल मळायचं, मांडा हातावर कसा फिरवायचा ते करून दाखवतात. अशा वेळी तज्ज्ञ त्या असतात, आपण विद्यार्थी.

खानदेश म्हणजे सगळा अहिराणी, असंही धरून चालू नका. यावल-रावेरकडे लेवा गणबोली आहे, सातपुड्यात भिल्ली आणि पावरी आहे, नवापूरकडे मावची आहे. पेटीतली रिकामी वही (प्रश्न ७) त्यासाठीच. एका वस्तूपुढे जितकी नावं मिळतील तितकी मुलांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यायची. मुसळाच्या पानावर आज फलकापेक्षा जास्त मजकूर आहे.

९. "चित्रात काय चाललंय?" ही तीन प्रश्नांची पद्धत आपल्याकडे चालते का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत अ‍ॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी ही पद्धत बसवली. चित्रापुढे मुलांना गप्प बघू द्यायचं आणि मग तीनच प्रश्न विचारायचे. यात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? माहिती सांगायची नाही, "बरोबर" किंवा "चूक" म्हणायचं नाही.

छायाचित्रांवर ती फार सुंदर चालते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांची टेबलावर वस्तू मांडून उभी केलेली दृश्यं यासाठी जणू मुद्दाम केलेली वाटतात. "कशावरून?" असं विचारलं की मुलं स्वतःच शोधतात की हा डोंगर डोंगर नसावा. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसचं छायाचित्र घ्या. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन आणि त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या सामानातून केली होती. हे आधी न सांगता चित्र पुढे ठेवलं तर बांबूंकडे मुलांचं लक्ष आपणहून जातं.

शिलालेखावर आणि ताम्रपटावर मात्र ही पद्धत आपटते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा शिलालेख घ्या. गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, हे त्यात कोरलंय. मुलांना नुसतं "काय दिसतंय?" विचारलंत तर "दगड" हेच खरं उत्तर आहे. तिथे गोष्ट आपणच सांगावी लागते. आठशे वर्षांपूर्वी इथे शिकवण्यासाठी वेगळी जागा आणि खर्चाची सोय करून ठेवलेली होती, हे ऐकून मुलांपेक्षा आम्हालाच जास्त हेवा वाटतो.

शस्त्रांच्या दालनातही सावध राहा. "यात काय चाललंय?" या प्रश्नावर पोरं एकमेकांना कापून दाखवतात.

१०. शाळेतल्या शिक्षकांना गटात घ्यावं का?

हो, पण पाहुणे म्हणून नको. मुलांना आदल्या दिवशी काय शिकवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी काय आठवलं, हे फक्त त्यांनाच माहीत असतं. जवळपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद भरते तेव्हा केंद्रप्रमुखांना भेटून वीस मिनिटं मागा आणि पेटी घेऊन जा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवसांची तरतूद आहे. मुख्याध्यापकांना तेव्हा काहीतरी हवंच असतं. आपण आधी गेलो तर ते दिवस संग्रहालयाला मिळतात, नाहीतर रांगोळी स्पर्धेला.

११. सहलीची दोन बसभर मुलं न कळवता आली. तुमचे हे चार-चार मिनिटं थांबायचे प्रयोग तिथे कसे करायचे?

करायचे नाहीत. डिसेंबर-जानेवारीत हे होणारच. अशा दिवशी सगळं दाखवायचा हट्ट सोडा. संग्रहालयात फिरून येणाऱ्या थकव्यावर बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच लिहून ठेवलंय आणि सकाळी सहाला बसमध्ये बसलेलं पोर तर दारातच थकलेलं असतं.

मुलांचे तीन भाग करा. एक आत, एक अंगणात डबा खात आणि एक पेटीपाशी. आत गेलेल्यांना तीनच वस्तू. सोबतच्या शिक्षकांना काम द्या, नाहीतर ते "चला, चला, लाइनीत" करत सगळ्यांना सात मिनिटांत बाहेर काढतात. मी एकदा दीडशे मुलांना एकत्र आत सोडलं होतं. एका शोकेसची काच तडकली आणि एक मुलगी मागच्या दालनात राहून गेली. ती सापडेपर्यंतची वीस मिनिटं मी अजून विसरलो नाही. तेव्हापासून दारावर आत जाताना आणि बाहेर येताना डोकी मोजतो.

१२. १८ मेचा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन कसा साजरा करता?

मुलांबरोबर करत नाही. शाळांना सुट्टी, पारा चव्वेचाळीसच्या आसपास, मुलं मामाच्या गावाला. रिकाम्या दालनात दीपप्रज्वलन करण्यापेक्षा आम्ही त्या दिवशी सकाळी सातला जमतो आणि वर्षभराची अर्धी पानं (प्रश्न ५) एकत्र वाचतो. मुलांचा कार्यक्रम सहलीच्या हंगामात घेतो.

१३. आमचे साहेब परवानगी देत नाहीत. "दुसऱ्याचं संग्रहालय बघून काय मिळणार?" म्हणतात.

"शिकायला जातो" असं अर्जात लिहू नका. "सहाय्य करायला जातो" लिहा. परवानगी लवकर मिळते आणि ते खोटंही नसतं. वाद घालायची वेळ आलीच तर आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ साली प्राग इथे स्वीकारलेली संग्रहालयाची व्याख्या सोबत जोडा. तिच्यात शिक्षण आणि ज्ञानाची देवाणघेवाण हे शब्द आहेत. तरीही नाहीच म्हणाले तर त्यांनाच बैठकीला बोलवा. दोन साहेब असे आले. एक परत आलेच नाहीत, दुसरे आता नियमित येतात आणि सगळ्यात जास्त बोलतात. हा उपाय पूर्ण यशस्वी म्हणता येणार नाही.

१४. आदिवासी वस्तूंचं दालन गैरआदिवासी शिक्षकाने दाखवावं का? मुलांना पोशाख घालून बघायला देतो, त्यात काही चूक आहे का?

दाखवावं, पण एकट्याने नको. नवापूर-साक्रीकडे पावरी नावाचं भोपळ्याचं वाद्य वाजवतात. (पावरी भाषा वेगळी. आमच्या एका नव्या सहकाऱ्याने दोन्हींचा घोटाळा करून भाषेला फुंकर मारायला सांगितली होती.) ते काचेत ठेवून माहिती सांगण्यापेक्षा वाजवणाऱ्या बाबांना तासभर बोलवा आणि आपण मागे मुलांत बसा. त्यांचा येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्या. गटातल्या आपल्याला मानधन नाही म्हणून त्यांनाही नाही, असं करू नका.

पोशाखाचं उत्तर वस्तूवर अवलंबून आहे. रोजच्या वापराची टोपली किंवा जाळं हातात द्यायला हरकत नाही. पण सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला मोरपिसांचा उंच टोप घालणारे आधी काही दिवस कडक व्रत पाळतात. तो टोप सेल्फीसाठी सातवीच्या मुलाच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे कुणाचं तरी व्रत खेळण्यात काढणं. एका ठिकाणी हे चालू होतं. आमच्यातला पावरा समाजातला एक सहकारी काही न बोलता बाहेर जाऊन उभा राहिला. कारण आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. शंका असेल तिथे त्या समाजातल्या जाणत्या माणसाला विचारा आणि ते "नको" म्हणाले तर कारण मागू नका.

१५. एक विद्यार्थी शेतात सापडलेलं जुनं नाणं घेऊन आला. आमच्या पेटीत ठेवू का?

नाही. आधी मुलाला शाबासकी द्या, कारण ओरडलात तर पुढचं नाणं सराफाकडे जाईल. वस्तू घासू नका, चिंचेच्या पाण्याने तर मुळीच धुऊ नका. कुठे, किती खोल आणि कशासोबत सापडलं ते लिहून घ्या, फोटो काढा.

मग पालकांना आणि मुख्याध्यापकांना बोलावून समजावून सांगा. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून अधिक किमतीचं असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखिताला तर पंच्याहत्तर वर्षंच पुरतात. म्हणजे आपण "ठेवून घेतो" म्हणणं चांगल्या हेतूने केलं तरी चूकच. अर्ज लिहायला मुलाला मदत करा आणि त्याचं नाव अर्जात पहिलं लिहा. खणताना सापडलेल्या मूर्तीबाबतही हेच.

आजोबांनी घरी जपलेलं नाणं मात्र वेगळं. ते मुलाने वर्गात दाखवावं आणि संध्याकाळी घरी परत न्यावं.

१६. आम्ही खानदेशातले धरले जातो का? बुऱ्हाणपूर, मालेगाव, कन्नड इथून लोक विचारतात.

फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर होती, आज ते मध्य प्रदेशात आहे. बागलाण-मालेगावकडे अहिराणी बोलतात, पण जिल्हा नाशिक. पितळखोऱ्याची लेणी कन्नड तालुक्यात, आणि चाळीसगावची शाळा तिथे सहज सहल नेते. नकाशा बघून कोणाला परत पाठवायचं ठरवलं तर अर्धा गट रिकामा होईल. अर्धं पान घेऊन या. बुऱ्हाणपूरकरांनी भुसावळला गाडी बदलावी आणि डबा दोन माणसांचा आणावा, कारण नंदुरबारची मंडळी नेहमी विसरून येतात.